ओयुगीच्या नावानं वाहिलेली फुलं

काबुओर, उसेंग्याच्या वाटेवर
२५ सप्टेंबर २०११, रविवार

ओयुगी,

तुला तुझ्या आईचा आशीर्वाद. द्यावा की नाही यावर सकाळपासून घोळ घातला, पण आईला त्यात फारशी निवड नसते. हे पत्र प्लिस्ताचा जावई ओकेच तुझ्या हातात देईल. त्याचा ट्रक परवा सिमेंट आणायला मोंबासाला निघतोय. फोन मी करणार नाही. तू नंबर तरी बदलतोस, नाहीतर उचलून गप्प बसतोस, आणि मी एकटीच हॅलो हॅलो करत राहते, म्हशीपुढे बोलल्यासारखी. पत्र निदान मध्येच तुटत नाही.

इकडे सगळं ठीक. लाल गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या ओलालकाकाचा गुडघा दुखतो, म्हणजे शेतात काम निघालं की दुखतो आणि कुठे मयताचं जेवण असलं की थांबतो. मका यंदा पाणघोड्यांनी खाल्ला. वनखात्याचा माणूस आला, पाऊलखुणा बघून म्हणाला, हो, पाणघोडेच. एवढं सांगायला तो बोंडोपासून आला होता. तुझ्या घराचं छप्पर पश्चिमेकडून खचलंय. मालक नसताना दुसऱ्या पुरुषानं त्यावर चढायचं नाही अशी आपली रीत, तेव्हा ते तसंच खचत राहणार.

मुलं बरी आहेत. आविनो माझ्या खांद्याला लागली. ओबुयाही ठीक आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. तू मेला आहेस.

लहानपणी तुला उठताबसता मेल्या म्हणून हाक मारायचे, तसं नाही. खरोखरचा मेलास, आणि त्याला आता दोन वर्षं होत आली. पास्टर झाब्लोननी चर्चच्या मागं 'आशेचं घर' काढलं तेव्हाची गोष्ट. अनाथ मुलांना दिवसभर शाळा, दुपारचं जेवण, गणवेश. संध्याकाळी मुलं आपापल्या आज्यांकडे परत. आपल्या गावात आज्यांना तोटा नाही. मीही दोघांना घेऊन गेले. पास्टर म्हणाले, आई गेली ते ठाऊक आहे, बापाचं काय? मी म्हटलं, मोंबासात असतो. येतो का? नाही. काही पाठवतो का? नाही. फोन करतो का? मी काही बोलले नाही. तेव्हा पास्टर म्हणाले, मग गेलाच समजायचा. मी तेव्हाही काही बोलले नाही. खोटं मी बोललेले नाही, ओयुगी. मी नुसती गप्प बसले, आणि तेवढ्यात तू मेलास.

आविनोला शिकवलं गेलं की कुणी विचारलं तर दोघंही नाहीत म्हणायचं. ओबुयाला शिकवावं लागलं नाही. तू मोंबासाला गेलास तेव्हा तो त्याच्या मेलेल्या आईच्या, रिस्पाच्या, ओढणीत माझ्या पाठीला बांधलेला होता, त्याला बाप ही काय चीज असते तेच माहीत नाही.

दर ऑगस्टला पाहुणे येतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड गावच्या चर्चची माणसं. स्वतःच्या खर्चानं येतात, स्वतःची सुट्टी घालवतात, ताप येऊन पडतात, तरी हसत असतात. माणसं चांगली आहेत, आणि माझी सगळी चिडचिड तिथेच होते, कारण ती काढायची कुणावर? त्यांना काम हवं असतं. बसून खाणं त्यांना आवडत नाही. मग पास्टरांना त्यांच्यासाठी काम शोधावं लागतं. या वर्षी त्यांना नव्या वर्गखोलीसाठी विटा रचायच्या होत्या. आपल्या पोरांनी विटा आधीच रचून ठेवल्या होत्या. तर पास्टरांनी तो ढीग मोडायला लावला, म्हणजे पाहुण्यांना रचता येईल. त्यांनी रचला, फोटो काढले, आणि ते जेवायला गेल्यावर पोरांनी तो पुन्हा सरळ केला. प्लिस्ताच्या लहान नातीला त्यांनी इतकं या कडेवरून त्या कडेवर फिरवलं, की आता ती जमिनीवर ठेवली की भोकाड पसरते. प्लिस्ता मला विचारते, ते गेले विमानात बसून, हिला रोज कोण उचलणार, तू?

आणि त्यांचं आरोग्य शिबिर. चर्चच्या पत्र्याखाली टेबलं मांडतात. मी मिशनच्या इस्पितळात इतकी वर्षं आया म्हणून काढली, तर माझं वॉर्डातलं इंग्रजी पास्टरांना तेवढ्या आठवड्यापुरतं आठवतं. श्वास घे, जीभ दाखव, कधीपासून दुखतं, एवढं मला येतं, आणि तेवढ्यावर सगळं गाव तपासून निघतं. बायका मे महिन्यातलं दुखणं ऑगस्टपर्यंत सांभाळून ठेवतात, कारण गोऱ्यांच्या गोळ्या चांगल्या. अगं, त्याच गोळ्या आपल्या सरकारी दवाखान्यात मिळतात, असं सांगून माझी जीभ झिजली. म्हणतात, तिथली नर्स ओरडते. आता ओरडते हे खरं आहे. पण ओरडून गोळीच देते ना?

या पाहुण्यांत एक मार्गो म्हणून आहे. निवृत्त नर्स, माझ्याच वयाची, अंगानं मोठी, चालताना दोन्ही गुडघे कुरकुरतात. बाकीचे दरवर्षी नवे, ही मात्र येतेच. आविनोच्या शिक्षणाचा भार तिनं घेतलाय. पाकिटात आविनोचा फोटो ठेवते आणि सगळ्यांना दाखवते, मलाही दाखवते, जणू मी ती पोर कधी पाहिलीच नाही. आविनो तिला पत्रं लिहिते. चांगली लांबलचक.

शिबिरात ओबुयालाही तपासलं. ते पुढे लिहिते. आधी कबरीचं सांगते, कारण गावभर झालंय आणि ओकेच तुला तिखटमीठ लावून सांगणारच.

झालं असं, की मार्गोला आमचं घर बघायचं होतं, आणि आविनोच्या आईबापांच्या कबरींवर फुलं वाहायची होती. आदल्या दिवशी दुपारी पास्टर आले. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि मला नुसतं 'आई' म्हणाले. सगळं गाव मला ओयुगीची आई म्हणतं, पण पाहुणे आले की त्यांना त्या नावाची पंचाईत होते. म्हणाले, रिस्पाची कबर आहेच, दुसरीचं काय करायचं? मी म्हटलं, दुसरी नाही. ते म्हणाले, तुमच्या नवऱ्याची आहे ना. त्यावरचं नाव तसंही पावसानं पुसलंय.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. तेवढ्यात ओलालकाका, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, आपलं घोडं दामटायला लागला. त्याचं जुनंच पालुपद. हरवलेल्या माणसाच्या नावानं यागोच्या झाडाचं लांबडं फळ पुरतात, तसं ओयुगीच्या नावानं पुरून टाकू, म्हणजे त्याची कबरही होईल आणि घरादारावरचा दोषही जाईल, पास्टरांचंही काम होईल. मी त्याला सांगितलं की फळ पुरायचंच झालं तर पहिलं तुझ्या नावाचं पुरीन, आणि तू समोर बसलेला असताना पुरीन. तो उठून गेला. गुडघा दुखला नाही.

पास्टर मात्र बसून राहिले. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. म्हणाले, आई, मी तिला नाही म्हणू शकत नाही. ही एक बाई नाराज झाली तर सगळ्या मुलांची चूल बंद होईल. मी काय सांगायचं होतं, तूच सांग. मी पुन्हा गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याची लोकांना चटक लागलीये.

तर दुसऱ्या दिवशी आले सगळे. मार्गोनं मिशनच्या बागेतली बोगनवेल स्वतः तोडून आणली होती, बोटं काट्यांनी ओरबाडलेली. आधी रिस्पाच्या कबरीवर फुलं ठेवली. मग पास्टर तिला तुझ्या बापाच्या कबरीकडे घेऊन गेले आणि म्हणाले, हे वडील. ते धादांत खोटं नव्हतंच म्हणा, कुणाचे एवढंच सांगितलं नाही. आविनो पुढे झाली, हात जोडले, आणि इंग्रजीत प्रार्थना म्हणाली, की देवा, माझ्या बाबांना तुझ्याजवळ सांभाळ, त्यांना थंडी वाजू देऊ नकोस. ही थंडीची ओळ तिला कुणी शिकवलेली नव्हती. आणि मग ती रडायला लागली. पाहुण्यांसमोर मुलं रडतात तशी नाही. वाकून, पोट धरून, आवाज न करता.

मार्गोनं तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "पुरुष नेहमी उशीर करतात, युनिया. आमच्याकडेही तेच. तुझा मुलगा थोडा आणखी टिकला असता तर आता औषध होतं. आता ओबुयाला सुरू करू तेच औषध."

ती असं का म्हणाली ते तुला कळायचं तर ओबुयाचं सांगायलाच हवं. मी टाळत होते. अजूनही टाळावंसं वाटतंय, पण कागद संपत आला तर ते राहूनच जाईल.

ओबुया वर्षभर खोकतोय. मानेत गाठी. तोंडात पांढरं. वाढ अशी की चपला दोन वर्षं पुरल्या. मी इतकी वर्षं वॉर्डात अशी मुलं उचलून खाटेवर ठेवली, मला दिसत नव्हतं असं कसं म्हणू? पण ओटीतल्या पोराकडे आपण वॉर्डातल्या नजरेनं बघत नाही. शिबिरात मार्गोनं त्याचा शर्ट वर केला, एकदा बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या पट्टीकडे बघत उभ्या राहिलो, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा. दोन रेघा उमटल्या. एच.आय.व्ही. लिहायचं होतं ते लिहिलं.

मार्गोनं माझा हात धरला आणि विचारलं, आई त्यातच गेली का? मी हो म्हटलं. आणि वडील? मी म्हटलं, हो, तेही. या वेळी मी गप्प बसले नाही बघ. या वेळी तोंडानं बोलले.

तर कबरीपाशी ती असं म्हणाली, की तुझा मुलगा टिकला असता तर औषध होतं. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की हे वाक्य ज्याला सांगायला हवं तो ते ऐकत नाहीये, आणि ज्याला ऐकवतेय तो माणूस वीस वर्षांपूर्वी बोटीतून पडून गेलाय. औषध आहे, फुकट आहे, बोंडोत आहे, मोंबासात आहे, आणि आम्ही सगळे इथे सिमेंटला फुलं वाहतोय. मी म्हटलं, "तो मेला नाही. मोंबासाला आहे. ही माझ्या नवऱ्याची कबर आहे."

इंग्रजीतच म्हटलं, म्हणजे पास्टरांना त्याचं भाषांतर करायची संधी मिळाली नाही.

ओलालकाका मागून आपल्या भाषेत पुटपुटला, झालं, गेलं जेवण. मार्गोनं आविनोकडे पाहिलं, मग पास्टरांकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी घरी या माणसासाठी मेणबत्ती लावते, युनिया. दोन वर्षं." मी म्हटलं, मी पाच वर्षं लावतेय, आणि मला तो जिवंत असल्याचं माहीत आहे.

मग ती जाऊन गाडीत बसली.

ते सगळे गेल्यावर मी आविनोला धारेवर धरलं. माझी सगळी आग तिच्यावर काढली, ते मला करायला नको होतं. म्हटलं, तुला ठाऊक आहे ना बाप जिवंत आहे, मग एवढं रडायला काय झालं होतं? नाटकं करायला कुणी सांगितलं? ती ओमेनाची बारीक मासळी वाळत घातलेल्या जाळीवरच्या कोंबड्या हाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेला असता तर बरं झालं असतं, आजी. मग तो का येत नाही ते कळलं असतं."

हे मी तुला जसंच्या तसं लिहितेय. यात माझा एक शब्द नाही. असता तर मी शिवी घातली असती.

पुढचं थोडक्यात सांगते. 'आशेचं घर' सध्या बंद आहे. पाहुण्यांच्या चर्चची माणसं चौकशी करतायत, की कुणाकुणाचे आईबाप खरंच गेलेत. बऱ्याच जणांचे कुठे ना कुठे जिवंत निघतायत, कुणी नैरोबीत, कुणी उसाच्या कारखान्यावर. पास्टर माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीवर बायका मी आले की घडे उचलून चालू लागतात. एकटी प्लिस्ता बोलते, तीही भांडायला. म्हणते, तुझं खरं तुझ्यापाशी ठेवायचं होतंस, माझ्या नातवंडांच्या ताटात कशाला ओतलंस? ती चुकीचं बोलत नाही. आविनोला मी सरकारी शाळेत घातलंय. एका बाकावर चौघी बसतात. गेल्या आठवड्यात तिला तिथल्या बाई मुलांसमोर म्हणाल्या, ही बघा, हिचा बाप मेला आणि पुन्हा उठला. मी जाऊन त्या बाईंना भेटून आले. काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मार्गो मात्र कबरीच्या प्रकारानंतर दुसऱ्याच सकाळी परत आली. एकटी, भाड्याच्या मोटारसायकलवर, त्या बिचाऱ्या पोराच्या मागे डोंगर बसल्यासारखी. मला वाटलं भांडायला आली. म्हणाली, ओबुयाला घे, बोंडोच्या सरकारी इस्पितळात जायचंय, हे शिबिरातून होणारं काम नाही, रोज औषध लागणार आणि मी तर शुक्रवारी जाणार. दिवसभर आमच्यासोबत रांगेत बसली. तिथली नर्स आमच्यावर ओरडली, मार्गोवरही ओरडली, कारण तिनं रांगेबाहेर खुर्ची ओढली होती. मार्गोनं खुर्ची परत ठेवली. ओबुया तिच्या मांडीवर झोपला. माझ्याशी ती कामापुरतं बोलली. निघताना मी विचारलं, पुढच्या वर्षी येणार का? म्हणाली, ठाऊक नाही, अजून राग गेला नाही. मला ते आवडलं. इतक्या वर्षांत त्या पाहुण्यांपैकी पहिलंच माणूस माझ्यावर रागावलं.

ओबुयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ. पहिले दिवस ओकायचा, आता पेजेबरोबर घेतो. खोकला कमी आहे. काल त्यानं मक्याच्या उगालीचा दुसरा गोळा मागितला, आणि मी चुलीकडे तोंड करून बसले.

आता तुझं.

ओकेच मागल्या खेपेला तुला बंदरावर भेटला. म्हणाला, आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलीत, पट्ट्याला नवी भोकं पाडलीत, जिना चढून आलास की भिंत धरून उभा राहतोस. त्याला वाटलं मी आनंदेन, की मुलगा सापडला. रिस्पाच्या मातीच्या वेळी तू शर्ट काढलास तेव्हा तुझ्या पाठीवरचे फोड मी पाहिले होते. ते कशाचे असतात ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तू गेलास. गाव म्हणतं, जबाबदारी टाकून पळाला. मी गावाशी वाद घालत नाही, पण तू पळाला नाहीस. मरायला दूर गेलास. मला रिस्पासारखं आणखी एकाचं हगमूत काढावं लागू नये म्हणून. घरातली म्हातारी मांजर अशीच निघून जाते, आणि लोकांना वाटतं माजली.

अरे मूर्खा, मी जन्मभर हेच काम केलंय. परक्यांचं केलंय. तुझं करायला मला काय जड होतं? आणि आता तर तेही करावं लागत नाही. माणसं गोळ्या घेतात आणि मासे मारायला जातात, विटा भाजतात, पोरं वाढवतात. अबियेरोचा थोरला, ज्याला आम्ही चादरीत गुंडाळून आणला होता, तो आता बाजारात सायकली दुरुस्त करतो आणि जास्तीचे पैसे उकळतो. तू पाच वर्षं एका अशा आजारानं मरायची वाट बघत बसलायस ज्याला बोंडोतली ती ओरडणारी नर्स आवरते. याचा मला किती संताप येतो ते मला लिहिता येत नाही.

तू घरी ये असं मी म्हणत नाही. आविनो तुझं तोंड बघेल का, ते मला सांगता येणार नाही. या पत्रात काही लिहायचंय का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली. पण नाही म्हणून उठून गेली नाही, इथेच शेंगा सोलत बसलीये. छप्पर, गाव, काका, सगळं राहू दे. तू फक्त दवाखान्यात जा. ओकेचला मी बजावलंय, की पत्र देऊन निघून यायचं नाही. तू वाचेपर्यंत थांबायचं आणि मग तुला ट्रकमध्ये घालून इस्पितळाच्या दारात उतरवायचं. सिमेंट थांबेल. तो तुझ्याहून दांडगा आहे आणि सासूला घाबरतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नकोस.

आणखी एक. ओबुयाला आता कळलंय की त्याला बाप आहे आणि तो मोंबासाला असतो. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आज सकाळी गोळी हातात घेऊन मला विचारलं, माझ्या बाबाची गोळी पण अशीच असते का, आणि तोही सकाळीच घेतो का?

मी त्याला हो म्हणाले. रोज घेतो, न विसरता, असं सांगितलं.

पोरानं लगेच गोळी गिळली. मला त्याच्यासमोर खोटी पाडू नकोस.

तुझी आई,
युनिया